पिवळं कासव

आईच्या लेखी आमच्या गाडीत एक कासव राहतं. मीटरमध्ये, डाव्या कोपऱ्यात. एरवी किल्ली फिरवली की क्षणभर दिसायचं आणि गाडी चालू झाली की शहाण्यासारखं लपायचं. त्याला चेक इंजिन लाइट म्हणतात, ते कासव नसून इंजिनाचं चित्र आहे, हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं. तिने चष्मा सावरून निरखलं आणि म्हणाली, "मग हे पुढे डोकं काय काढलंय?" यावर मला उत्तर सुचलं नाही. त्यामुळे कासव. तेलाच्या दाबाचा दिवा म्हणजे झारी, आणि बॅटरीचा म्हणजे अधिक-उणे.

गेल्या एप्रिलात भर दुपारी दांडेकर पुलाच्या सिग्नलला तिघेही एकदम आले. झारी, अधिक-उणे, कासव. आणि गाडीत शांतता. आचका नाही, खोकला नाही, बोलता बोलता फोन कट व्हावा तसं इंजिन बंद. एसीचा पंखा तेवढा फिरत होता. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक दोनदा दाबला तर तिसऱ्यांदा तोही लाकडी लागला. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागे पुणं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

दोन कॉलेजची मुलं धावत आली. "काकू, सेकंड टाका, क्लच दाबून ठेवा, आम्ही सांगू तेव्हा सोडा." या 'काकू'चं नंतर बघू म्हटलं. मुलांनी जीव तोडून धक्का मारला, मी तीनदा क्लच सोडला, गाडी तीनदा नुसती अडखळली. शेवटी कडेला लावली. समोरच्या टपरीवर चहा घेतला, परत येऊन उगीच सेल मारला, तर गाडी चालू! काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

पुढचे दोन महिने हेच. गरम झाली की बंद, चहा झाला की चालू. या काळात मी एकूण किती चहा प्यायले याचा हिशेब ठेवलेला नाही.

मला एक खोड आहे. किल्ली अर्धी फिरवली की मी थांबते. सगळे दिवे लागलेत ना ते बघते, मग सेल मारते आणि एकेक विझताना मोजते. शाळेतली हजेरी असते तशी. मागे बसलेल्यांना वाटतं, मी देवाचं नाव घेतेय. ही खोड बाबांची. ते म्हणत, दिवा लागला म्हणून घाबरायचं नाही; लागायला हवा तेव्हा लागला नाही, तर घाबरायचं. तेलाचा दिवा किल्लीबरोबर उगवलाच नाही तर तेल ठणठणीत आहे असं नव्हे, दिवा मेलाय. ही गाडी २०११ची, आम्ही सेकंडहँड घेतली. त्या वेळी चार गाड्या बघितल्या. प्रत्येक ठिकाणी मी आधी किल्ली अर्धी फिरवायला सांगायचे. एकीत कासव उगवलंच नाही. मालक म्हणाले, "बघा, एकही लाइट नाही!" मी नमस्कार करून निघाले.

बाबांच्या स्वतःच्या गाडीत कासव नव्हतं. दिवे कसेबसे दोन-तीन. बाकीचं सगळं कानाने, नाकाने आणि तळहाताने. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, सकाळी चोक ओढल्याशिवाय हालचाल नाही. दर मे महिन्यात आम्ही तिच्यातून साताऱ्याला जायचो. साताऱ्याला जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा. येतानाचा बोगदाही तेव्हा नव्हता. घाट निम्मा झाला की बाबा हात वर करायचे. हात वर म्हणजे गप्प. आम्ही भावंडं भेंड्या थांबवायचो, आई पदराने वारा घ्यायची थांबायची. सगळी गाडी इंजिनाचं ऐकायची. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण बाबांच्या मानेकडे बघून आता बंद पडणार हे कळायचं.

मग पडायचीच. "पेट्रोल उकळलं," बाबा जाहीर करायचे. पेट्रोल उकळतं म्हणजे काय, हे मला कितीतरी वर्षं चुलीवरच्या पातेल्यासारखं दिसायचं. भानगड अशी, की जुन्या गाड्यांचा पेट्रोलपंप थेट इंजिनाच्या अंगाला असे. चढाने इंजिन तापलं, वर उन्हाळा, की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा वाफच ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर उपाशी. बाबा बॉनेट उघडून उलट्या हाताने पंपाचा ताप बघायचे, आमचा बघायचे तसाच, आणि मागे न बघता हात पुढे करायचे. "फडकं."

गाडीतली सगळी फडकी बाबांनी निघण्याआधी धुऊन वाळत घातलेली असायची, घरी. त्यामुळे आईचा पोळ्यांच्या डब्याचा रुमाल जायचा. सुती, निळ्या काठाचा. पाण्याच्या बाटलीने भिजवून बाबा तो पंपावर हलक्या हाताने गुंडाळायचे. 'चर्र' व्हायचं. आम्ही कठड्यापाशी उभे राहून बरोबर पंधरा मिनिटं बाबांच्या बाता ऐकायचो, नाहीतर उघड्या पोळ्या खायचो. गाडी चालू झाली की रुमाल परत डब्याला. साताऱ्यात आजी पहिली पोळी तोंडात घालून थांबायची आणि दरवर्षी तेच विचारायची, "पुन्हा उकळलं का गं?"

तर दोन महिने.

गाडी बंद पडते म्हटलं की माणसं डॉक्टर होतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, पेट्रोलमध्ये पाणी. वॉचमन म्हणाला, प्लग. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, इथेनॉल. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं म्हटल्यावर गाडीच्या, स्कूटरच्या आणि बहुधा गुडघ्याच्याही सगळ्या दुखण्यांचं कारण तेच. मोठ्या, काचेच्या दाराच्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मुलाने विचारलं, कुठला लाइट लागतो? मी म्हटलं, बॅटरीचा लागतो, तेलाचा लागतो. बॅटरी बदलली. पुन्हा गेले. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, पी०३०० हा कोड निघाला, म्हणजे मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. प्लग आणि कॉइल बदलली, थ्रॉटल बॉडी साफ केली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मुलगा दिवसभर गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवून बसला, तर ती दिवसभर चालली. मग त्याने अतिशय नम्रपणे मला विचारलं, "मॅडम, क्लच सोडताना तुमचंच काही होतंय का?"

एकवीस वर्षं गाडी चालवतेय मी. असो.

आमचे मिस्त्री पत्र्याच्या शेडमध्ये असतात. त्यांनी गाडीला हात लावला नाही, स्कॅनरही नाही. स्टुलावर बसून सुपारी कातरता कातरता मलाच तपासलं.

"बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडतो? रांगत की धपकन?"

"धपकन."

"गरम झाल्यावरच? थंडीत, सकाळी कधी?"

"कधीच नाही."

"धक्क्यावर झाली?"

"नाही."

"मग बॅटरी कशाला बदलली?" असं म्हणून त्यांनी सुपारी तोंडात टाकली. मी म्हटलं, बॅटरीचा दिवा लागला होता ना. त्यांनी माझ्याकडे बघितलं ती नजर मला शाळेनंतर पहिल्यांदाच मिळाली. "ताई, इंजिन बंद झालं की अल्टरनेटर थांबणार, बॅटरीचा दिवा लागणार. तेलाचा पंप थांबणार, तेलाचा दिवा लागणार. गाडी पडल्यावर आलेले पाहुणे ते. त्यांनी नाही पाडली."

किती सरळ होतं. घरात म्हातारं माणूस पडलं की आळी गोळा होते. गोळा झालेल्यांनी पाडलं असं कोणी म्हणत नाही. आणि मी मात्र पाहुण्यांवर साडेअकरा हजार खर्च करून बसले होते.

त्यांचा संशय क्रँक सेन्सरवर होता. बोटाएवढी वस्तू, इंजिन गिअरबॉक्सला भेटतं तिथे खुपसलेली. फिरणाऱ्या चाकाचे दाते मोजते. मध्येच एखादा दाता मुद्दाम गाळलेला असतो, त्या फटीवरून कॉम्प्युटरला कळतं की इंजिन आत्ता नेमकं कुठे आहे आणि ठिणगी कधी टाकायची. आत केसासारख्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. वय झालं की ती तापल्यावर तुटते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. दात्यांची मोजणी थांबली की कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन थांबलंय; तो ठिणगीही थांबवतो, पेट्रोलही. पुष्कळदा कोडसुद्धा लिहून ठेवत नाही, कारण त्याच्या मते काही बिघडलेलंच नाही.

"तापवून आणा," मिस्त्री म्हणाले. "इथे बंद पडली पाहिजे."

एरवी न पडण्यासाठी नवस, त्या दिवशी पडण्यासाठी. सोबतीला आईला घेतलं, एसी लावला आणि खडकवासल्यापर्यंत जाऊन आले. आईला वाटलं फिरायला नेलंय. धरणावर तिने कणीस खाल्लं. येताना धायरी फाट्याच्या गर्दीत अर्धा तास रांगलो. नाही पडली. मी रडकुंडीला आले. शेवटी गॅरेज हाकेच्या अंतरावर असताना काटा धपकन पडला, झारी, अधिक-उणे, कासव, तिघे हजर, आणि मी स्टिअरिंगवर हात आपटून म्हटलं, "वा!" आई घाबरली.

मिस्त्री चालत आले. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात फडकं. बॉनेट उघडून वाकले, फडकं भिजवून आत कुठेतरी खोलवर दाबून धरलं. मिनिट, दोन मिनिटं. आई काचेतून एकटक बघत होती.

"अगं," ती म्हणाली, "हे करायचे तसंच करतोय हा."

"मारा सेल," मिस्त्री ओरडले. पहिल्या सेलला गाडी चालू.

नवा सेन्सर बाराशे रुपयांचा. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. कासव मात्र विझलं नाही. ते वेगळंच प्रकरण निघालं, पी०४२०, सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकलाय. त्याची किंमत ऐकून मी खाली बसले. "पीयूसी पास होते ना?" मिस्त्री म्हणाले. "मग राहू द्या. लाल दिवा लागला तर तिथेच थांबा, एक फर्लांगही पुढे नको. पिवळा नुसता लागला तर चहा पिऊन माझ्याकडे या. पिवळा लुकलुकायला लागला तर मात्र ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी हळू करा आणि फोन करा." गाडीला पंधरा वर्षं होतील. पासिंग करायचं, पर्यावरण कर भरायचा की निरोप द्यायचा, ते तेव्हा बघू.

पण नुसतं लागलेलं ते कासव मला सुखाने चालवू देईना. दर दोन मिनिटांनी डोळा तिकडेच. परवा आईला डोळे तपासायला नेत होते. सिग्नलला उभी असताना तिने विचारलं, "सारखं खाली काय बघतेस?" मी म्हटलं, कासव.

तिने पर्स उघडली. आतून टिकल्यांचं पाकीट काढलं. बाबा गेल्यापासून ती टिकली लावत नाही, पाकीट मात्र पर्समध्ये असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मरून रंगाची एक सोडवली, माझ्या हातावरून वाकून मीटरच्या काचेवर बरोबर कासवावर लावली आणि अंगठ्याने दाबली.

"आता दिसतंय?"

टिकलीच्या कडेने थोडा पिवळा उजेड येत होता.

"नाही," मी म्हटलं. सिग्नल सुटला.