गुलाबावरची भुरी, काळे ठिपके आणि दोन ग्रॅमचं मोजमाप

पानावर डाग दिसला की आधी तो बोटाने पुसून बघतो. पांढरी पूड बोटाला लागली तर भुरी. काळा, कडा झालरीसारख्या विस्कटलेला आणि भोवती पिवळेपणा असलेला ठिपका पुसला जात नाही. तो औषधानेही जात नाही. फवारणी नव्या पानांसाठी असते. ठिपके तसेच दिसतात म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा पंप उचलण्यात अर्थ नाही.

काळे ठिपके पावसाळ्यातले. पान सात-आठ तास ओलं राहिलं की बुरशी रुजते, म्हणून पाणी फक्त बुंध्याशी. डागाळलेली, गळलेली पानं वेचून कचऱ्यात टाकतो, कंपोस्टमध्ये नाही. मग मॅन्कोझेब 75 टक्के हे बुरशीनाशक, लिटरला 2 ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने. ते पानावर नुसतं बसतं, आत शिरत नाही. जोराची सर आली की धुऊन जातं. भुरी थंडीतली. तिला पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के, तेही लिटरला 2 ग्रॅम. पारा 32 अंशांच्या वर असला किंवा दोन आठवड्यांत नीमतेल मारलेलं असलं तर गंधकाने पानं करपतात. कार्बेन्डाझिम हे दुसरं बुरशीनाशक हाताशी असलं तरी सारखं तेच नको, बुरशीला सवय होते.

चमच्याचा अंदाज चालत नाही, 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. पिठल्याला बेसन कालवतो तशी भुकटी आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायची, फडक्यातून गाळायची, मग पाणी पुरं करायचं. फवारताना पंप हलवत राहायचा, नाहीतर भुकटी तळाशी बसते: पहिल्या कुंडीला जाड औषध, शेवटच्या कुंडीला पाणी. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना टूथब्रश ठेवावा.

खरा धोका पुडी फाडताना, कोरडी धूळ उडते तेव्हा. मास्क, चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे तेव्हापासूनच. पुडीवरचा हिरवा त्रिकोण म्हणजे निरुपद्रवी नव्हे, लाल, पिवळ्या, निळ्यापेक्षा कमी विषारी एवढंच. सकाळी, वारा सुटायच्या आत, पानांच्या खालूनही फवारतो.

पंधरा कुंड्यांना साधारण दीड लिटर लागतं, तेवढंच कालवतो. थोडं उरलंच तर त्याच झाडांवर संपवायचं, मोरीत ओतायचं नाही. गुलकंदाच्या देशी गुलाबावर मात्र यातलं काहीच मारत नाही.