तुम्ही विचारलंत म्हणून : द्रुझ नेमके कुणाच्या बाजूनं होते?

सीरियातल्या यादवीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. द्रुझ म्हणजे तिथला एक छोटा धार्मिक समाज. त्यांच्या हत्यारबंद तुकड्या तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशर असाद यांच्या बाजूच्या, की विरोधातल्या? रिजाल अल्-करामा या सगळ्यात मोठ्या गटापुरतं उत्तर 'दोन्ही नाही' असं आहे. ही टाळाटाळ नव्हे. त्यांनी बाजू धरली नाही, हद्द धरली.

ती हद्द म्हणजे दक्षिण सीरियातला स्वैदा प्रांत. आपल्या सह्याद्रीसारखाच काळ्या बसाल्टचा डोंगर, त्याच दगडाची घरं. देशात द्रुझ जेमतेम तीन टक्के, पण इथं बहुसंख्य. धर्मात बाहेरच्याला प्रवेश अकराव्या शतकापासून बंद, रोटीबेटी आपसातच. धर्माच्या मूळ कर्तव्यांपैकी एक म्हणजे भाऊबंदांचं रक्षण. त्यामुळे गावावर चालून येणारा कोण, हे विचारायच्या आधीच माणूस भिंतीवरची बंदूक काढतो.

शेख वहीद अल्-बलऊस यांनी यादवीच्या सुरुवातीच्या वर्षांत हा गट उभा केला. नियम साधे. आपण होऊन कुणावर चालून जायचं नाही. सीरियन माणसानं सीरियन माणसाचं रक्त सांडणं हराम. आणि डोंगरातला पोरगा सक्तीच्या लष्करभरतीत प्रांताबाहेर लढायला जाणार नाही. कायद्यानं 18 ते 42 वयाच्या पुरुषाला सैन्यात बोलावता येत होतं. एखादा पोरगा नाक्यावर पकडला गेला की निरोप गावात यायचा, नातेवाईक रस्ता अडवायचे, एखादा अधिकारी धरून ठेवायचे. मग शेख मंडळी मध्ये पडून अदलाबदल व्हायची. वाचताना ही दांडगाई वाटेल. पण अर्ज-विनंत्यांना जिथं कुणी विचारत नव्हतं, तिथं हजारो तरुण असेच घरी राहू शकले. ही रीत पुढे खंडणीखोरांनीही उचलली, हा तिचा मोठा तोटा.

रचनेबद्दलही बरेच जण विचारतात. एकच पलटण, एकच सेनापती असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. तुकडीला 'बैरक' म्हणतात, म्हणजे निशाण. 1925 साली द्रुझ पुढारी सुलतान अल्-अत्रश यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला, तेव्हाही गावोगावची माणसं आपापल्या निशाणाखाली लढली. निर्णय मदाफ्यात होतो. आपल्या चावडीसारखा, पण एखाद्या घराण्याचा, पाहुण्यांसाठी उघडा दिवाणखाना. त्याच गावात सरकारी पगारावरच्या 'राष्ट्रीय संरक्षण दला'तही द्रुझ पोरं असायची. एका भावकीत दोन तुकड्या, म्हणून एकमेकांवर गोळी चालवताना हात आखडायचा.

हाक आली की जो जिथं असेल तिथून हत्यार घेऊन निघतो, त्याला 'फझा' म्हणतात. पिकअप, मोटरसायकल, मिळेल ते वाहन. ताकद संख्येत आणि वाटा पाठ असण्यात. उणिवाही तिथंच. कलाश्निकोव्ह रायफलीचं 30 गोळ्यांचं मॅगझिन सलग झाडलं तर तीन सेकंदांत रिकामं होतं, आणि घरात दारूगोळ्याचा साठा बेताचाच. कुणी कुठं थांबायचं हे सांगणारा एक माणूस नाही. सगळे एकाच दिशेला धावले की मागची गावं उघडी पडतात.

25 जुलै 2018 ला हेच घडलं. त्या वर्षी मे महिन्यात दमास्कसच्या दक्षिणेकडून 'इस्लामिक स्टेट'चे लढवय्ये समझोत्यानं हलवून स्वैदाच्या पूर्वेकडच्या वाळवंटात सोडले गेले होते. त्या पहाटे स्वैदा शहरात आत्मघाती स्फोट झाले आणि त्याच सुमारास पूर्वेकडच्या गावांत ते घराघरांत शिरले. धावायचं कुठं, शहराकडे की वेशीकडे? दोनशेहून अधिक माणसं मेली. तीसेक बायका-मुलं पळवून नेली. बहुतेकांची सुटका व्हायला नोव्हेंबर उजाडला. गावं मात्र त्याच दिवशी परत घेतली, आणि त्यात पुढे होते ते गावकरी.

बलऊस हे पाहायला जिवंत नव्हते. 4 सप्टेंबर 2015 ला त्यांच्या गाडीजवळ स्फोट झाला, दुसरा इस्पितळाजवळ, जखमींना नेत होते तिथं. संतापलेल्या जमावानं शहरातला बशरच्या वडिलांचा, हाफिज असादचा पुतळा पाडला. गट आधी त्यांच्या भावानं चालवला, आणि प्रांताबाहेर न लढण्याचा नियमही टिकला.

ज्या द्रुझांना असा डोंगर नव्हता त्यांचं काय झालं, तेही बघा. वायव्य सीरियातल्या इदलिब प्रांतातल्या कल्ब लौजे गावात जून 2015 मध्ये अल्-कायदाच्या सीरियातल्या शाखेच्या, म्हणजे नुस्रा आघाडीच्या माणसांनी वीसेक गावकरी मारले. त्या गावांना धर्म बदलल्याचं जाहीर करून दिवस काढावे लागले.

हद्द बाहेरून राखता आली, पण आतून पोखरली जात होती. जुलै 2022 मध्ये लष्करी गुप्तचर खात्याच्या आश्रयानं अपहरणं करणाऱ्या स्थानिक टोळीवर फझा झाली. यावेळी समोर द्रुझच होते. अतील गावातला तिचा अड्डा घेतला, तेव्हा आत कॅप्टागॉन या नशेच्या गोळ्या बनवायची यंत्रं सापडली.