घरगुती कॅसेटसंग्रहाचे डिजिटलीकरण : कालावधींची बेरीज

कीर्तन-भजनांच्या घरगुती कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचे काम आता अशा टप्प्यावर आले आहे, की हार्ड डिस्कवर किती जागा राखून ठेवायची हे एकूण कालावधीवरून ठरवावे लागेल. त्यासाठी या महिन्यात एक्सेलमधील बेरजेची मांडणी पक्की केली.

खरी काळजी नोंद करतानाच घ्यावी लागते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४४:३७ अशी लिहिली, तर एक्सेल ती ४४ तास ३७ मिनिटे समजते. मिनिटे आणि सेकंद अभिप्रेत असतील, तर ०:४४:३७ असे तिन्ही भाग लिहावे लागतात. ४४:३७ लिहिल्यावर सेलमध्ये ४४:३७:०० उमटत असल्याने गफलत लगेच लक्षात येते. परंतु १२:१५ लांबीचा अभंग जसाच्या तसा दिसत राहतो आणि बेरजेत मात्र सव्वाबारा तासांची भर घालतो, म्हणून लहान नोंदी अधिक बारकाईने तपासाव्यात. अशा नोंदी ६० ने भागल्या की बरोबर होतात.

एक्सेलच्या लेखी पूर्ण दिवस म्हणजे १ आणि तास म्हणजे १/२४. त्यामुळे ३१ तास २० मिनिटांची बेरीज आत १.३०५६ अशी साठवली जाते, पण वेळेच्या साध्या फॉरमॅटमध्ये पूर्ण दिवस गळून केवळ ७:२० दिसते. कस्टम फॉरमॅटमध्ये तासाचे अक्षर (h) चौकोनी कंसात घातले, की ३१:२० दिसू लागते. गूगल शीट्समध्ये यासाठी ड्यूरेशन हा फॉरमॅट आहे.

फॉरमॅट केवळ दिसणे बदलतो, आतली संख्या तीच राहते, हे जागेच्या हिशेबात फार महत्त्वाचे ठरते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइलला तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. वरील ३१:२० या बेरजेला आधी २४ ने गुणून तास काढले, तर उत्तर सुमारे २० जीबी येते, आणि ती पायरी गाळली तर जेमतेम ८२९ एमबी.

ध्वनिसंपादन करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीतून चिकटवलेले कालावधी पुष्कळदा मजकूर म्हणून येतात, आणि रकान्याची बेरीज करताना 'सम' हे सूत्र ते मुकाट्याने वगळते. म्हणून रकान्याखाली 'काउंट' (फक्त संख्या मोजणारे सूत्र) आणि 'काउंटए' (भरलेले सर्व सेल मोजणारे) यांची उत्तरे शेजारी ठेवली आहेत. ती जुळेपर्यंत बेरीज ग्राह्य धरत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटची नोंद याच पद्धतीने सुरू आहे.