गाभण उंदीर, सोनोग्राफी आणि फॉर्म एफ

बेळगावात प्राण्यांवर संशोधन करायचं म्हटलं की सगळे एथिक्स कमिटीची भीती घालतात. कमिटीचं काही नाही हो. विस्टार उंदीर (प्रयोगशाळेतली पांढऱ्या उंदरांची जात) किती आणि कशासाठी लागणार, हा हिशेब फॉर्म बी मध्ये, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जात, नीट मांडला की ते ऐकतात. आमचं तर सरळच होतं. एरवी गर्भाची वाढ बघायला दर टप्प्याला माद्या मारून गर्भाशय उघडावं लागतं. सोनोग्राफीत तीच मादी बाराव्या, पंधराव्या, अठराव्या दिवशी बघता येते. उंदीर कमी लागतात. मंजुरी आली.

घोडं अडलं मशीनपाशी. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या जागेला सोनोग्राफी मशीन विकता येत नाही. विक्रेता म्हणाला, आधी सर्टिफिकेट आणा. नोंदणीच्या कचेरीत गेले, तर टेबलावरच्या साहेबांनी अर्ज उलटापालटा करून विचारलं, "पेशंट कोण?" म्हटलं, उंदीर. "मग फॉर्म एफ कोण भरणार?" त्या फॉर्मात गरोदर बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, हयात मुलं किती, शेवटची पाळी कधी, असले रकाने. मला हसू दाबावं लागलं. साहेब मात्र गंभीर. "नाळे बन्नी मॅडम." उद्या गेलं की साहेब मीटिंगला. परवा फाइल दुसऱ्या टेबलावर. तिथल्या अक्कांना जनावरांच्या डॉक्टरांचं पत्र हवं, आणि डॉक्टर म्हणतात, म्हशीचं असतं तर दिलं असतं.

कचेरी दचकते ते उगाच नाही. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात, मुडलगीला, बरण्यांत भरून टाकलेली अर्भकं सापडली होती. पण नाही म्हणायचं तर तसं लिहून तरी द्या की! तोंडी "आगल्ला", म्हणजे होणार नाही, एवढंच घेऊन गाईडपुढे उभं कसं राहायचं?

आणि हो, सर्टिफिकेट हातात पडल्याशिवाय माद्यांना नर दाखवू नका. सकाळच्या स्मिअरमध्ये, म्हणजे मादीच्या योनीतल्या स्रावाच्या काचपट्टीवर, शुक्राणू दिसले तो गाभणपणाचा शून्य दिवस. तिथून बावीस दिवसांच्या आसपास ती विणार म्हणजे विणारच, फाइल कुठंही असो.

वाट निघाली ती प्रतिज्ञापत्रानं. मशीन प्राणिगृहाबाहेर जाणार नाही, त्यावर माणसाची तपासणी होणार नाही, सोबत खोलीचा नकाशा. वर कन्नडमध्ये अर्ध्या पानाचं पत्र जोडलं, खानापूरच्या मैत्रिणीनं लिहून दिलेलं. फाइल त्या पत्रानंच हलली, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक कागदाच्या प्रतीवर आवक शिक्का मागून घ्या, लाजू नका.

प्रत्यक्ष तपासणी त्यामानानं सोपी. आयसोफ्लुरेनची भूल, पोटावरचे केस क्रीमनं काढायचे, खाली गरम प्लेट, जेलही कोमट. गार जेलनं एवढासा जीव लगेच थंड पडतो. पहिल्यांदा पडद्यावर तो फडफडणारा ठिपका, म्हणजे पिल्लाचं हृदय, दिसला तेव्हा मी अख्खी लॅब गोळा केली. पिल्लांची मोजणी मूत्राशयापासून सुरू करा, आधी गर्भाशयाचं एक शिंग (उंदराच्या गर्भाशयाला असे दोन फाटे असतात), मग दुसरं. काही पिल्लं आतड्याआड लपतात, तेव्हा एकूण आकडा विण्याआधी प्रबंधात लिहू नका.