बारा पाय आणि दोन पंख

रविवार, रात्री साडेदहा

आजचा सगळा दिवस एका आयसीपायी गेला. टीबीए ८१०, स्पीकरसाठी आवाज मोठा करणारी बारा पायांची चिप. आईचा टेपरेकॉर्डर दोन महिने मुका आहे. पट्टा, हेड, स्पीकर सगळं धड, खोट या एका आयसीत. बाजारातून नवा म्हणून आणलेला तासाभरात चटका बसेल इतका तापला आणि गेला. म्हणून सकाळी जुन्या बाजारात जाऊन ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचा एक मेलेला बोर्ड घेऊन आलो. आवाजाच्या भागात हाच आयसी बसलेला. धूळ पुसली, वरची अक्षरं स्वच्छ दिसली, फार बरं वाटलं.

याचं सगळं दुखणं पंखांत आहे. बारा पाय एक वेळ सुटतील. पण दोन्ही अंगांना निघालेल्या पत्र्याच्या पट्ट्या बोर्डावरच्या रुंद तांब्याला डाख देऊन बसवलेल्या असतात. आयसीची ऊब तिकडून निघून जावी म्हणून ही सोय. आता तीच सोय माझ्या सोल्डरिंग आयर्नची ऊबही पिऊन टाकत होती. २५ वॅटचं टोक टेकवून बसलो, सोल्डर ढिम्म. मागे एकदा असाच वैतागून मी पकडीने आयसी ओढला होता, दोन पाय बुडातून तुटले. ते अजून मनात आहे.

जेवताना सुचलं. दुरुस्तीत बोर्ड जपायचा असतो, पार्ट गेला तरी चालतो. इथे उलटं आहे, मग मी या बोर्डाला एवढं का जपतोय? हॅक्सॉच्या पात्याने आयसीभोवतीचा तुकडाच कापून घेतला. काडेपेटीएवढा. पंखांभोवतीचं तांबं कटरने सोलून काढलं.

मग कामाला वेग आला. जुना सोल्डर करडा पडला होता, त्यावर ताज्या ६०-४० (कथील-शिसं) सोल्डरचा थेंब दिला. राळेचा धूर निघाला आणि सांधा चकचकीत झाला की वितळलेला सोल्डर ओढून घेणारा पंप लावायचा. ओळीने नाही, एक पाय इकडचा, एक तिकडचा, मध्ये फुंकर घालून थोडी उसंत. प्रत्येक पाय चिमट्याने हलवून बघायचा. भोकात मोकळा डुलला तरच पुढचा. पंखांना शेवटी विक, म्हणजे सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी, लावली. साडेचारला आयसी आपणहून तळहातावर उतरला, बाराही पाय शाबूत.

संध्याकाळी बसवला. स्पीकर जोडण्याआधी मीटर लावला: सप्लाय ११.८ व्होल्ट, आवाज बाहेर पडतो त्या बाराव्या पायावर ५.९. हवे तसे बरोबर निम्मे! मग स्पीकर जोडला.

आई आतल्या खोलीत कॅसेटची दुसरी बाजू ऐकतेय. झाकण अजून लावलेलं नाही. मघाशी जाऊन पंखावर बोट ठेवलं. दीड तास झाला, कोमटच आहे.