धुऱ्यावरच्या मुंग्या : चांदूर बाजार ते सेमाडोह

दसऱ्याच्या सुट्टीत अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजारकडे मामांच्या गावी गेलो, यावेळी बॅगेत १५ प्लास्टिकचे कप, एक भिंग आणि मिठाचा पुडा होता. मुंग्या पकडायच्या आहेत म्हटल्यावर मामा म्हणाले, "मुंग्याच पायजे तं पऱ्हाटीत चाल नं बाप्पा, पाय ठेवाले जागा नाही!" खरंच होतं ते, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात शिरलो की दोन मिनिटांत पायावर चढायच्या.

कप पुरायचं काम दिसतं सोपं पण काठ मातीच्या अगदी बरोबरीत यावा लागतो, जरा वर राहिला की मुंगी वळसा घालून निघून जाते. आत साबण-मिठाचं पाणी, वर दोन खड्यांवर टेकवलेला कवेलूचा, म्हणजे कौलाचा, तुकडा, कारण पाऊस अजून गेला नव्हता. पाच कप पऱ्हाटीत, पाच संत्र्याच्या बगीच्यात, पाच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोरीखाली. मग ४८ तास हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामींची स्टीलची ताटली घेऊन ओसरीत बसलो. पऱ्हाटीतल्या कपांत मुंग्यांचा नुसता ढीग, पण भिंगाखाली बघितलं तर जवळपास सगळ्या एकाच प्रकारच्या, बारीक तपकिरी, मधूनच एखादी भल्यामोठ्या डोक्याची, आणि थोडे काळे मुंगळे. बगीच्यात थोडं बरं होतं. धुऱ्यावर संख्या निम्मीही नव्हती पण वेगवेगळे प्रकार मी नऊ मोजले! त्यातली एक मला फार आवडली, अंग नारिंगी, मागचा भाग काळा, सगळीकडे केस. बोरीच्या बुडाशी तिच्यासारख्याच दोन-तीन गवताचं बी ओढत नेत होत्या, अगदी सावकाश.

मामांना ताटली दाखवली तेव्हा तेही वाकून बराच वेळ बघत राहिले. मुंग्या किती आणि किती प्रकारच्या, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मलाही त्या ताटलीतच नीट कळलं. वावरात दरवर्षी रोटाव्हेटर फिरतो, वरवर घर करणाऱ्यांचं घर मोडतं, जी पटकन पुन्हा बांधते आणि मिळेल ते खाते तीच टिकते अन् मग तिचीच गर्दी होते. धुरा कोणी नांगरत नाही. तिथे सावली आहे, गवताचं बी आहे, वाळकं लाकूड आहे, म्हणजे वेगवेगळ्या सवयींच्या मुंग्यांना जागा आहे. जगात मुंग्यांच्या १४ हजारांवर जाती नोंदल्यात, भारतात ८०० च्या वर, आणि प्रत्येकीची राहण्या-खाण्याची तऱ्हा वेगळी.

संध्याकाळी तुरीच्या शेंड्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला. एक मुंगळा मिशांनी माव्याच्या पाठीवर टकटक करत होता, की मागून चिकट थेंब यायचा, तो प्यायचा अन् पुढच्याकडे. मामा म्हणाले, "हेच तं माव्याले राखते." बरोबर आहे, राखतात. पण अळ्या आणि त्यांची अंडी उचलून नेणाऱ्या मुंग्याही असतात, त्यांना राहायला जागा नको का?

चौथ्या दिवशी परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोह. मेळघाटातलं गाव, १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प, तिथे परवानगीशिवाय कप पुरता येत नाहीत, म्हणून ओळखीच्या कोरकू आदिवासी घराच्या अंगणात नुसतं बघत बसलो आणि तेवढंही पुरलं. सागाचं कुजलेलं पान उचललं की खाली एक प्रकार, खोडावर वेगळ्याच, डिवचलं की शेपटाकडचा, पत्त्यातल्या बदामासारखा भाग डोक्यावर उचलणाऱ्या. आणि दिवस मावळताना काळ्या चकचकीत मुंग्यांची रांग निघाली, परत येताना प्रत्येकीच्या तोंडात वाळवी! घरातल्या आजी म्हणाल्या, पाऊस झाला की यांची रांग रोज निघते.

परत आलो तर मामांच्या शेजाऱ्याचा धुरा तणनाशकाने पार तपकिरी झालेला. मजूर मिळत नाही, गवत कापणार कोण, त्याची अडचण मला कळते, तरी बघून पोटात कालवलं. तिथे कप पुरायचे राहून गेले. दिवाळीला परत जातोय, मामा म्हणाले शेजाऱ्याला विचारून ठेवतो, आणि आपल्या धुऱ्यावर तोवर फवारणीचा पंप नेत नाही.