असू दे, लागलं तर!

बाहेर जाऊन चित्र काढायचं म्हणून घडीचा इझल, म्हणजे चित्र टेकवायची तिकाटी, खांद्याला अडकवून रविवारी सकाळी सातारा-वाई एस.टी.त चढून बघा. एक पाय कुणाच्या तरी गुडघ्यात जातो, दुसरा दाराच्या दांडीत अडकतो आणि कंडक्टर विचारतो, ‘लग्नाचं शूटिंग का हो?’ मी इझल घरी ठेवायला लागलो तो एवढ्याचसाठी. चित्रकलेच्या पुस्तकांत याची कारणं फार उदात्त दिलेली असतात.

आता जलरंगांचा सगळा कारभार एका पत्र्याच्या कंपास पेटीत बसतो. झाकणाला आतून पांढरा ऑइलपेंट मारला, की झाली रंग कालवायची थाळी. तळाशी हाफ पॅन म्हणतात त्या इवल्या प्लॅस्टिकच्या वाट्या दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने बसवायच्या. ट्यूबमधला रंग आधी निम्माच भरायचा, टाचणीने ढवळून बुडबुडे काढायचे आणि तो वाळला की वरून दुसरा थर द्यायचा. एकदम गच्च भरलात तर वर साय धरते, आत चिखल राहतो, आणि पुढे भेगा पडून अख्खा खडाच सुटून हातात येतो. जलरंगात डिंक असतो, म्हणून वाळलेला रंग ओला ब्रश फिरवला की परत उठतो. त्या डिंकावरच ही सगळी चैन चाललेली आहे. मात्र हे काम मे महिन्यात उरकावं. सातारच्या आषाढात जिथे चड्ड्या-बनियन वाळत नाहीत तिथे रंग काय वाळणार? उलट त्याच्यावर बुरशीची लव येते.

तैलरंगवाल्यांचे हाल याहून वाईट होते. 1841 मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पिळायची धातूची ट्यूब काढली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून न्यायचे, टोचून हवा तेवढा काढायचे. तसली पुरचुंडी घेऊन मला मेणवलीच्या घाटावर कुणी बसू दिलं असतं का, हा प्रश्नच आहे.

मेणवलीला मी जातो तो दगडासाठी. वाईपासून जवळच, कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा, मागे उतरत गेलेला घाट, आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून आलेली ती भलीमोठी घंटा. लोक घंटेचे फोटो काढतात, मी पायऱ्या बघत बसतो. त्या काळ्या दगडासाठी काळा रंग लागतच नाही. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी कालवायचा. निळा वरचढ झाला तर पाण्याजवळची ओली पायरी, तांबूस वरचढ झाला तर वरची उन्हात तापलेली. त्यात यलो ऑकर हा मातकट पिवळा, एक लाल आणि एक लिंबू-पिवळा घातला की पेटी भरली. हिरव्याची ट्यूब मी नेत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे हिरव्याच्या इतक्या जाती दिसतात, की एक आयती नेली तर ती सगळ्याच झाडांना फासली जाते.

पिशवी जड होते ती रंगांनी नव्हे, ‘असू दे, लागलं तर’ने. जादा ब्रश असू दे, लागला तर. मोठा कागद असू दे, एखादं दृश्य मोठंच निघालं तर. निघत नाही हो! दृश्य मोठं असतं, पण ऊन तेवढा वेळ थांबत नाही. दोन तासांत सावल्या इकडच्या तिकडे होतात आणि आपण मघाच्या पायरीवर आत्ताची सावली टाकत बसतो. म्हणून वहीच्या पानाएवढा, तीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणारा, जाड कागद बरा. पाणी पिऊन तो पापडासारखा उचलत नाही.

कासच्या फुलांच्या पठारावर तर स्टूलही घरीच. तिथे ठरलेल्या वाटेवरूनच फिरायचं. फुलांत बैठक मारायची नाही, आणि ते योग्यच आहे. उभ्याउभ्या, मागून येणाऱ्यांना वाट देत, तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि सोनकीचा पिवळा तेवढा टिपायचा. सड्यावरचा वारा कागद हिसकावून घेतो. त्यासाठी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे महागड्या क्लिपांपेक्षा सरस. घरातून ते गायब झाले की आमच्याकडे चौकशी थेट माझ्यापासून सुरू होते.

सगळ्यात अडचणीची वस्तू छत्री. भर उन्हात पांढरा कागद इतका झळकतो, की त्याच्या नादाने रंग गडद पडत जातात आणि घरी आल्यावर चित्रात संध्याकाळ झालेली असते. तेव्हा छत्री हवीच, पण काळी. रंगीत छत्री आपला रंग कागदावर सांडते आणि लाल छत्रीखाली निळा कोणता, जांभळा कोणता याचा पत्ता लागत नाही. आमच्या घरात काळी छत्री एकच आहे आणि ती वडिलांची आहे. ऊन असो, पाऊस असो, ते ती घेतल्याशिवाय दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नाहीत.